पडदा घरात, प्रोग्राम पणजीत

चवथीच्या आदल्या आठवड्यात भाची आमच्या डिचोलीच्या घरी आली ती लॅपटॉप पाठीला लावूनच. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, विषय अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान. त्याच्या फायली पणजीजवळच्या एका संस्थेतल्या मोठ्या लिनक्स यंत्रावर, एकेक फाइल पंधरा-वीस जीबीची. घरी उतरवून घ्यायची म्हटली तर अख्खी रात्र जाणार, आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. तिला खरं तर एवढंच हवं होतं: फायली तिथेच राहू देत, त्यांतून नकाशे दाखवणारा एनसीव्ह्यू नावाचा प्रोग्रामही तिथेच चालू दे, फक्त त्याची खिडकी इथे तिच्या पडद्यावर उघडू दे.

"मामा, सीनियरनं एक ओळ लिहून दिलीय. चालते. पण ती नेमकं काय करते ते कोणालाच सांगता येत नाही."

ओळ अशी: एसएसएच, मग डॅश कॅपिटल एक्स, मग तिच्या खात्याचं नाव आणि यंत्राचा पत्ता. कॅपिटल हे मुद्दाम सांगतोय. स्मॉल एक्स दिला तर अर्थ नेमका उलटा होतो: खिडक्या पाठवू नकोस. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.) पुढच्या दोन संध्याकाळी आम्ही या एका ओळीवरच बोलत बसलो. हा लेख म्हणजे तेच बोलणं, थोडं नीट लावून.

त्या ओळीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्यातली जुनी ती एक्स, म्हणजे प्रोग्रामांच्या खिडक्या पडद्यावर दाखवणारी व्यवस्था. अमेरिकेतल्या एमआयटीत १९८४ साली बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी हे काम सुरू केलं. तेव्हा तिथे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं होती, आणि प्रोग्राम कुठल्याही यंत्रावर चालावा, दिसावा मात्र आपल्या पुढ्यातल्या पडद्यावर, अशी गरज होती. म्हणून एक्समध्ये प्रोग्राम आणि पडदा पहिल्यापासूनच वेगळे ठेवले गेले. दोघं एकमेकांशी बोलतात ते निरोपांनी. अकरावी आवृत्ती १९८७ च्या सप्टेंबरात आली आणि मूळ बोली आजवर तीच आहे, म्हणून नाव एक्स-इलेव्हन.

इथे जवळजवळ प्रत्येक जण गोंधळतो, म्हणून जरा थांबतो. आपल्याला सवय अशी की सर्व्हर म्हणजे लांबचं मोठं यंत्र आणि क्लायंट म्हणजे आपला लॅपटॉप. एक्समध्ये उलट आहे. एक्स सर्व्हर चालतो तुमच्या लॅपटॉपवर, आणि पणजीतला तो प्रोग्राम त्याचा क्लायंट.

चवथीचे दिवस, म्हणून मी माटोळीचंच उदाहरण दिलं. गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट आमच्या घरात. पण आई, म्हणजे भाचीची आजी, त्या दिवसांत वाळपईला मावशीकडे. नारळाची पेंड कुठे, सुपारीचं शिपटं कुठे, आंबाडे कुठल्या दोरीला आणि कवंडाळं कुठे, हे सगळं तिच्या डोक्यात. ती फोनवर सांगते, "पेंड मधोमध बांध," आणि मी बांधतो. "आता डावीकडे केळ्यांचा घड," की घड डावीकडे. कोणी फळाला हात लावला तर मी तिला कळवतो आणि पुढे काय करायचं ते ती ठरवते. चौकट माझी, दोऱ्या माझ्या, हात माझे, माटोळी मात्र आईची. यात सेवा पुरवतोय मी, म्हणजे सर्व्हर मी. मागणी करतेय आई, म्हणजे क्लायंट ती. एक्स सर्व्हर पुरवतो तो पडदा, कीबोर्ड आणि माउस. पणजीतला एनसीव्ह्यू फोनवरून सांगतो, "इथे चौकोन काढ, तो निळ्या रंगानं भर, त्यावर हे अक्षर लिही." इकडे कोणी बटण दाबलं की निरोप तिकडे जातो.

एवढं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे, आणि त्यातला धोकाही दिसायला लागतो.

मूळ एक्समध्ये हे फोनवरचं बोलणं उघडं होतं. लॅपटॉपवरचा सर्व्हर ६००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या नेटवर्ककडच्या एका क्रमांकित दाराशी, कान देऊन बसायचा आणि प्रोग्राम नेटवर्कवरून थेट तिथे यायचे. चित्र असो की दाबलेली कळ, वाटेत कोणीही वाचावं अशा रूपात जायचं. वर कोणाला आत घ्यायचं याचे नियम लोकांना अडचणीचे वाटायचे, म्हणून "एक्सहोस्ट प्लस" ही कमांड सर्रास वापरली जायची. तिचा अर्थ: कोणीही या, दार उघडंच आहे. मी नोकरीला लागलो त्या प्रयोगशाळेत एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं एका आलेखासाठी ती दिली होती, आणि ती तशीच राहिली. एका दुपारी शेजारच्या टेबलावरच्या मित्रानं एका ओळीत त्या सहकाऱ्याच्या पडद्याचं चित्र स्वतःच्या यंत्रावर उतरवून मला दाखवलं. त्यात घरगुती विषयावरचं एक अर्धवट लिहिलेलं पत्र होतं. मित्रानं ते लगेच पुसलं, जाऊन त्या सहकाऱ्याला सांगितलं आणि दारही बंद करून दिलं. त्यासाठी कसली चोरवाट लागली नव्हती, एक्समध्ये पडद्याचं चित्र घेण्याची सोयच आहे. दुसऱ्याचं पत्र असं समोर आल्यावर पोटात जे कालवलं ते मी विसरलेलो नाही, आणि या विषयाचा मला इतका आग्रह का, त्याचं कारण तेच.

आता दुसरी गोष्ट, एसएसएच. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात १९९५ साली नेटवर्कवर कोणीतरी कान लावून पासवर्ड चोरले. तिथल्या तातू युल्योनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. आज जवळपास सगळीकडे चालतं ते त्याचं मुक्त रूप, ओपनएसएसएच. ते ओपनबीएसडी ही मुक्त कार्यप्रणाली बनवणाऱ्या मंडळींनी १९९९ मध्ये आणलं.

एसएसएच दोन यंत्रांमध्ये एक बंद नळी घालतं. दोन्ही टोकं आधी आपसात एक गुपित ठरवतात, तेही असं की सगळं बोलणं ऐकणाऱ्यालाही ते गुपित कळू नये. त्यानंतर जे जातं ते त्या गुपितानं कुलूपबंद होऊनच. कळंगुटच्या एखाद्या कॅफेच्या वायफायवर बसून काम केलंत तरी शेजारच्याला दिसेल ते एवढंच की अमुक यंत्राशी काहीतरी देवाणघेवाण चालली आहे.

पण नळीचं दुसरं टोक खरंच आपल्या यंत्रात आहे ना? पहिल्यांदा जोडताना एसएसएच एक लांबलचक ठसा दाखवतं आणि विचारतं, हे यंत्र ओळखीचं नाही, पुढे जाऊ का? सगळे डोळे मिटून "येस" लिहितात. भाचीनंही तेच केलं होतं. मी तिला संस्थेतल्या व्यवस्थापकांना फोन करायला लावून ठसा अक्षर-अक्षर ताडून पाहायला लावला. चार मिनिटं गेली. ही चार मिनिटं एकदाच द्यायची असतात. पुढे कधी "यंत्राची ओळख बदलली आहे" असा मोठा इशारा आला तर मात्र थांबायचं आणि विचारायचं. यंत्र नव्यानं बसवलं असेल, किंवा मध्ये कोणी उभं असेल.

एका नळीतून अनेक प्रवाह सोडता येतात. तुम्ही टाइप करता ती अक्षरं एका प्रवाहात, आणि कॅपिटल एक्स दिलात की खिडक्यांसाठी दुसरा. पणजीच्या यंत्रावर एसएसएच एक खोटा पडदा उभा करतं. पडदा कुठे आहे हे प्रोग्रामला सांगणारी "डिस्प्ले" नावाची एक नोंद असते. तिथे गेल्यावर तिच्यात काय आहे ते पाहिलंत तर बहुधा "लोकलहोस्ट, १०.०" असं दिसेल. म्हणजे प्रोग्रामला वाटतं की पडदा याच यंत्रावर आहे, दहाव्या क्रमांकाचा. तो ६०१० या पोर्टवर बोलायला जातो. तिथे बसलेलं असतं एसएसएच. ते सगळे निरोप उचलून नळीत टाकतं आणि ते डिचोलीतल्या खऱ्या पडद्याशी बाहेर पडतात. बाहेरून उघडं लागतं ते एसएसएचचं २२ क्रमांकाचं एकच पोर्ट. लॅपटॉपचं ६००० बंदच राहतं.

म्हणूनच जुन्या टिपणांत लिहिलेलं असतं तसं "डिस्प्ले" मध्ये स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता हातानं भरू नका. भरलात की प्रोग्राम नळी सोडून उघड्या रस्त्यानं यायला बघतो.

या व्यवस्थेत मला सर्वांत आवडतो तो खुणेचा भाग. एक्स सर्व्हरकडे ओळखीसाठी एक गुप्त आकडा असतो, त्याला मॅजिक कुकी म्हणतात. १२८ बिटांचा, लिहून काढला तर ३२ अक्षरांचा. हा आकडा जो सांगेल त्याला पडदा मिळतो. मग हा आकडा पणजीच्या यंत्राला द्यायचा का? दिला तर तो तिथल्या फाइलीत पडून राहणार. एसएसएच तो देतच नाही. त्याच लांबीचा दुसरा, मनाला येईल तसा आकडा तयार करून तो तिकडे देतं. तिकडचा प्रोग्राम जोडणी करताना प्रामाणिकपणे तोच सांगतो. निरोप नळीतून इकडे आला की लॅपटॉपवरचं एसएसएच तपासतं, आपणच दिलेली ही खूण ना? असेल तर ती काढून त्या जागी खरी घालतं आणि मगच निरोप सर्व्हरपुढे ठेवतं. खरी किल्ली घराबाहेर पडतच नाही. लॉगिन संपलं की तिकडची खूण कुचकामी.

भाची म्हणाली, "म्हणजे आता सगळं सुरक्षित."

इथेच तिला थांबवलं. मला जे सांगायचं होतं ते हेच. वाट सुरक्षित झाली. त्या वाटेनं येणारा पाहुणा कसा आहे, हे वाटेला माहीत नसतं.

माटोळी बांधताना फोन स्पीकरवर असतो ना? आई पेंडीबद्दल बोलते आहे, आणि स्वयंपाकघरात काय बोलणं चाललंय तेही तिला ऐकू जातं. आई आपलीच, हरकत नाही. एक्सच्या सर्व्हरवर आत आलेला प्रत्येक प्रोग्राम असा स्पीकरवरचा असतो. त्याला स्वतःच्याच नव्हे, इतरांच्या खिडक्याही पाहता येतात, दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळाही ऐकता येतात. पडद्यासमोर एक माणूस आणि त्याचे विश्वासाचे प्रोग्राम, या काळातली ही रचना आहे.

बोलून पटत नाही अशा गोष्टी करून दाखवाव्यात. तिच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट होतं, एक्सवर चालणारं. सीनियरच्या त्या ओळीनं ती पणजीच्या यंत्रावर गेली. तिथे मी एक्सइनपुट नावाचा छोटा प्रोग्राम तिच्या कीबोर्डवर लक्ष ठेवायला लावून सुरू केला आणि तिला म्हटलं, आता ब्राउझर उघड आणि त्यात काहीही लिही. तिनं इंग्रजी अक्षरांत "मामा" लिहिलं. पणजीच्या यंत्राच्या टर्मिनलमध्ये एकाखाली एक आकडे उतरले: ५८, ३८, ५८, ३८. तिच्या कीबोर्डवर एमच्या कळीचा आकडा ५८, एच्या कळीचा ३८. ब्राउझर डिचोलीत, कीबोर्ड डिचोलीत, आणि कळा वाचत होतं पणजीतलं यंत्र. कुलूपबंद नळीतून, अगदी सुरक्षितपणे.

ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "याच ब्राउझरमध्ये मी बँकेचा पासवर्ड टाकते."

पाहुणा म्हणजे केवळ तो प्रोग्राम नव्हे, हेही तेव्हाच सांगितलं. त्या यंत्राचा ज्याच्याकडे सर्वाधिकार आहे त्याला तिथल्या फाइलीतली तात्पुरती खूण वाचता येते, आणि तुम्ही जोडलेले असेपर्यंत तोही तुमच्या पडद्यापर्यंत येऊ शकतो. संस्थेतले व्यवस्थापक भले असतील. पण ते यंत्र कोणी फोडलं, तर फोडणारा तुमच्याच नळीतून तुमच्या घरात.

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. ओपनएसएसएचमध्ये कॅपिटल एक्स आणि कॅपिटल वाय असे दोन पर्याय आहेत. वाय म्हणजे तिकडून येणाऱ्यावर पूर्ण विश्वास. एक्स म्हणजे त्याला बाहेरच्या खोलीतच बसव: स्वतःची खिडकी उघडू दे, पण दुसऱ्यांच्या खिडक्या आणि कळा यांना हात लावू देऊ नकोस.

"पण आपण एक्सच दिला होता!" तिच्या ताबडतोब लक्षात आलं.

बरोबर होतं तिचं. डेबियन, उबुंटू आणि त्यांच्यावर बेतलेल्या मिंटसारख्या लिनक्समध्ये मूळ सेटिंगच असं ठेवलेलं असतं की एक्स दिलात तरी वागणूक वायची मिळते. कारण समजण्यासारखं आहे: बाहेरच्या खोलीत बसवलेले पुष्कळ प्रोग्राम अडखळतात, काही चक्क कोसळतात. पण वापरणाऱ्याला हे सांगायला हवं, आणि टिपणं लिहिणारे सहसा सांगत नाहीत. तुमच्याकडे काय आहे ते पाहायचं असेल तर एसएसएच, डॅश कॅपिटल जी आणि यंत्राचं नाव द्या. सेटिंगची यादी येईल, तीत "फॉरवर्ड एक्स-इलेव्हन ट्रस्टेड" या ओळीपुढे येस आहे की नो ते बघा.

आम्ही तिच्या एसएसएचच्या कॉन्फिग फाइलीत त्या एका यंत्रापुरत्या दोन ओळी घातल्या: फॉरवर्ड एक्स-इलेव्हन येस, फॉरवर्ड एक्स-इलेव्हन ट्रस्टेड नो. "त्या एका यंत्रापुरत्या" हे महत्त्वाचं. सगळ्या यंत्रांसाठी खिडक्यांची वाट उघडी ठेवायचं काहीच कारण नाही. पुन्हा जोडून एक्सइनपुट चालवलं. या वेळी त्यानं सांगितलं की इनपुटची सोयच उपलब्ध नाही. एनसीव्ह्यू मात्र उघडलं, अरबी समुद्र निळा-पिवळा समोर आला. या पद्धतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: परवानगी मुळात वीस मिनिटांची असते. त्यानंतर उघडलेल्या खिडक्या राहतात, नवीन खिडकीला मात्र नकार मिळतो. हा काळ सेटिंगमधून वाढवता येतो.

ज्या यंत्रावरच्या माणसाला तुम्ही तुमच्या कीबोर्डशी निर्धास्तपणे बसू द्याल, त्याच यंत्रासाठी वाय. स्वतःचं घरचं दुसरं यंत्र असेल तर खुशाल.

तयारीचं थोडक्यात. पणजीच्या बाजूला एसएसएचच्या सेटिंगमध्ये "एक्स-इलेव्हन फॉरवर्डिंग" ला येस हवं आणि त्या खुणा सांभाळणारा एक्सऑथ नावाचा प्रोग्राम बसवलेला हवा. "डिस्प्ले उघडता येत नाही" ही तक्रार आली की आधी या दोन जागा बघायच्या. आपल्या बाजूला एक्स सर्व्हर हवा: लिनक्सवर असतोच, मॅकवर एक्सक्वार्ट्झ बसवावा लागतो, विंडोजवर व्हीसीएक्सएसआरव्ही किंवा मोबाएक्सटर्म. हल्ली पुष्कळ लिनक्समध्ये एक्सच्या जागी वेलँड आलं आहे. फेडोरा नावाच्या लिनक्सनं ते २०१६ मध्येच मुख्य केलं. तिथे एक्सचे प्रोग्राम एक्सवेलँड नावाच्या दुभाष्यामार्फत चालतात, आणि एक्सच्या प्रोग्रामांना वेलँडच्या खिडक्यांतल्या कळा ऐकू येत नाहीत. एक्सचेच प्रोग्राम एकमेकांचं ऐकू शकतात ते मात्र तसंच.

दुसऱ्या संध्याकाळी तिची तक्रार वेगळी होती. मेन्यू उघडायला फार वेळ लागतो. इंटरनेट तर बरं आहे, मग?

पुन्हा माटोळी. आईनं एकदमच सांगितलं, "पेंड मध्ये, घड डावीकडे, शिपटं उजवीकडे," तर काम भरभर होतं. पण प्रत्येक फळाला "बांधलंस? घट्ट बसलं? किती लोंबतंय?" असं विचारून ती उत्तराची वाट पाहत बसली, तर फोन कितीही स्पष्ट असो, वेळ जाणारच. एक्सचे बरेच प्रोग्राम असे विचारत बसणारे आहेत. समजा एका फेरीला ५० मिलिसेकंद लागतात आणि खिडकी उघडताना २०० प्रश्न एकामागून एक विचारले जातात, तर १० सेकंद नुसत्या वाट पाहण्यात गेले. जास्त वेगाचं कनेक्शन घेऊन हे सुधारत नाही. डॅश कॅपिटल सी दिलं तर निरोप दाबून लहान होतात, मंद लाइनवर त्याचा उपयोग होतो, पण फेऱ्या तेवढ्याच राहतात. एकाच इमारतीत, एकाच नेटवर्कवर एक्स छान पळतं. डिचोली ते पणजी, तेही घरच्या लाइनवरून, तितकं नाही.

आणि मग वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, राउटर बंद पडला. नळी तुटली, पडदा गेला, पडदा गेला म्हणून तिकडचा एनसीव्ह्यूही मेला. तासभर निवडून ठेवलेले कालखंड आणि रंगपट्ट्या त्याच्याबरोबर गेल्या.

अशा घरासाठी मी एक्सप्रा सुचवतो, ते दोन्ही यंत्रांवर बसवावं लागतं. ते पणजीच्या यंत्रावरच एक न दिसणारा एक्स सर्व्हर उभा करतं. प्रोग्राम आपले सगळे प्रश्न तिथल्या तिथे, काहीही न थांबता विचारून मोकळा होतो. एसएसएचच्या नळीतून इकडे येतं ते तयार चित्र, आणि तिकडे जातात तुम्ही त्या खिडकीत केलेले क्लिक आणि कळा. म्हणजे तो पाहुणा तुमच्या एक्स सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. क्लिपबोर्ड मात्र दोन्हीकडे एकच राहतो, तो नको असेल तर बंद करून ठेवावा. पूर्ण डेस्कटॉपच हवा असेल तर व्हीएनसी आहे, पण तेही एसएसएचच्या नळीतूनच आणा: ५९०१ क्रमांकाचं पोर्ट इकडे ओढून घेता येतं. व्हीएनसीचा जुन्या पद्धतीचा पासवर्ड पहिल्या आठ अक्षरांपलीकडे पाहतच नाही, आणि पुढचं सगळं बोलणं उघडं असतं. त्याला थेट इंटरनेटवर कधीही ठेवू नये.

रात्री नवाच्या सुमारास तिनं एक्सप्रावर पुन्हा सगळी मांडणी केली. पाऊस चालूच होता. साडेनवाला वीज पुन्हा गेली, खिडकी थिजली. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही माटोळीच्या दोऱ्या कापत बसलो. वीज आल्यावर राउटरचे दिवे लागेपर्यंत तिला धीर नव्हता. जोडायची कमांड दिली, आणि एनसीव्ह्यू जिथे सोडलं होतं तिथेच समोर आलं, मे महिन्याच्या नकाशावर, तिनं निवडलेल्या रंगांत.